मातीवर प्लास्टिक अंथरलं, तरी घराखालची ओल परत का येते?

खांबांवर किंवा बुटक्या भिंतींवर उचललेलं घर, वर लाकडी जमीन आणि खाली माणूस जेमतेम रांगत जाईल एवढी पोकळी. बांधकामवाले हिला क्रॉलस्पेस म्हणतात. तिचा तळ बहुतेक वेळा उघड्या मातीचा असतो. त्या मातीवर जाड प्लास्टिकची शीट, म्हणजे व्हेपर बॅरियर, अंथरली की ओलीचा प्रश्न मिटला, असं सर्रास सांगितलं जातं. शीट टाकली जाते, काही आठवडे वास जातो आणि पुढच्या दमट ऋतूत पुन्हा तेच सुरू होतं: घरात कुबट वास, वाशांवर पांढुरकी बुरशी, कोपऱ्यातली एखादी फळी पायाखाली दबते. मग कोणीतरी आणखी जाड शीट घ्यायला सांगतं आणि लोक पुन्हा खर्चात पडतात.

नवी शीट घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. ही शीट एकच काम करते. मातीतल्या ओलाव्याची वाफ होऊन ती वर येते, तेवढी ती अडवते. बाहेरून वाहत आलेलं पाणी, झरोक्यांतून शिरणारी दमट हवा, गळका नळ यांतलं काहीही तिच्या आवाक्यात नाही. ओल परत आली असेल तर पहिला प्रश्न हा, की हे पाणी नेमकं कुठून येतंय. त्याचं उत्तर मिळेपर्यंत कशालाही हात लावू नका, कारण चारही वाटांचे उपाय वेगळे आहेत आणि एकीचा उपाय दुसरीला लावला तर नुकसान वाढतं.

थेंब कुठल्या बाजूला आहेत?

टॉर्च घेऊन आत जा, भिंतीपासून दूर अशी एखादी जागा निवडा आणि शीटची कड हलकेच उचला. खालच्या बाजूला बारीक थेंब दिसले की शीट निकामी झाली असं अनेकांना वाटतं. खरं तर ते शीट नीट काम करत असल्याचं लक्षण आहे. जी वाफ लाकडापर्यंत गेली असती ती प्लास्टिकखाली अडकली आणि तिथेच पाणी होऊन मातीत परत चालली आहे. तिला तसंच राहू द्या.

थेंब वरच्या बाजूला असतील तर गोष्ट वेगळी. वरची ओल सगळीकडे सारखी, धुक्यासारखी पसरलेली असेल तर ती हवेतून आली आहे. एकाच जागी डबकं असेल तर मान वर करून बघा. बहुतेक वेळा बरोबर वर पाण्याचा किंवा सांडपाण्याचा पाइप, नाहीतर एसीची नळी असते. डबकं कोरड्या फडक्याने टिपा, त्या जागी साधा कागद पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. कागदावर गोल डाग पडले असतील तर पाणी वरून टपकतंय. गळती आतल्या आत असल्याचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवरचा आकडा लिहून ठेवा. तासाभराने आकडा पुढे सरकला असेल तर प्लंबरला बोलवा. शीटचा विचार नंतर.

शीटखाली थेंब नसून चक्क पाणी साचलं असेल, पाय ठेवला की प्लास्टिक गादीसारखं हलत असेल, तर ते वाफेचं प्रकरणच नाही. ते वाहतं पाणी आहे.

शीट अजून टाकलेलीच नसेल, तर हीच परीक्षा लहान प्रमाणात करता येते. साधारण ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मातीवर ठेवा, कडांवर माती लोटून बंद करा आणि दोन दिवस राहू द्या. खालून थेंब जमले तर माती वाफ सोडतेय, वरून जमले तर हवा ओली आहे. दोन्हीकडे जमले तर दोन्ही कामं करावी लागतील.

याच्या जोडीला दोन टाचण्यांचं मॉइश्चर मीटर असलं तर अंदाजावर विसंबावं लागत नाही. टाचण्या वाशात रोवून आकडा वाचा: बाहेरच्या भिंतीलगत, मध्यभागी आणि न्हाणीघर किंवा स्वयंपाकघर जिथे आहे त्याच्या खाली. प्रत्येक जागी खडूने खूण करा आणि आकडा तारखेसह तिथेच लाकडावर लिहा. २० टक्क्यांच्या खाली लाकूड सुरक्षित मानतात. त्याच्या वर बुरशीला वाव मिळतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला जोर धरायला साधारण २८ ते ३० टक्के ओलावा लागतो. आकड्यांपेक्षाही त्यांची मांडणी जास्त सांगते. फक्त बाहेरच्या भिंतीलगत जास्त असेल तर पावसाचं पाणी, एकाच ठिकाणी जास्त असेल तर गळती आणि सगळीकडे सारखंच जास्त असेल तर हवा किंवा उघडी माती.

शीटखाली पाणी साचत असेल तर

पाणी कधी येतं याची नोंद ठेवा. पाऊस पडून काही तासांत आलं तर ते छपराचं आणि अंगणाचं पाणी आहे. पावसानंतर एक-दोन दिवसांनी वाढलं आणि बरेच दिवस टिकलं तर भूजलाची पातळी वर आली आहे. पावसाशी काहीच संबंध नसेल तर पाइप फुटला आहे.

छपराच्या पाण्याचा उपाय घराखाली नसतो, घराबाहेर असतो. पन्हळी साफ करा. पन्हळीचा उतरता पाइप पायाशीच सुटत असेल तर तो लांबवून पाणी किमान दोन मीटर दूर सोडा. घराभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती हवी, पहिल्या तीन मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर. भिंतीला टेकून फुलझाडांचा उंच वाफा केलेला असेल तर पाणी आपणच पायाकडे वळवतो आहोत. घराखालच्या डबक्यांच्या तक्रारींत सर्वांत आधी बाहेरचा उतार आणि पन्हळीच बघाव्यात असं माझं ठाम मत आहे. हे काम सगळ्यांत स्वस्त असतं आणि सगळ्यांत शेवटी केलं जातं.

भूजल असेल तर उतार करून भागत नाही. आतल्या बाजूने पायालगत चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाइप घालायचा, तो सर्वांत खोलगट जागच्या खड्ड्याला जोडायचा आणि खड्ड्यात आपोआप चालू होणारा पंप बसवायचा. खड्ड्याला घट्ट झाकण हवं. ते उघडं राहिलं तर बाकी सगळी माती झाकूनही तिथून वाफ येतच राहते.

‘पाणी निघून जावं म्हणून शीटला भोकं पाडा’ हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो ऐकू नका. खालचं पाणी दाबाने भोकांतून वर येतं, वाफेला वाट मिळते आणि मूळ दोष जागचा हलत नाही.

सांधे सुटत असतील तर

अपयशाचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे आणि इथे घाई नडते. पॉलिथिनचा पृष्ठभाग असा असतो की साधा डिंक त्याला धरतच नाही. पार्सलला लावतो ती पट्टी किंवा कापडी डक्ट टेप दमट जागेत काही महिन्यांत कडेने उचलली जाते. पॉलिथिनसाठीच बनवलेली सांधापट्टी घ्या आणि शक्य असेल तर दोन थरांच्या मध्ये ब्युटिलची, म्हणजे एका चिकट रबराची, दुहेरी चिकटपट्टीही घाला. ब्युटिल मऊ राहतं, त्यामुळे शीट थोडी सरकली तरी सांधा तुटत नाही.

एका पट्ट्यावर दुसरा पट्टा किती चढवायचा? अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत, झरोके नसलेल्या क्रॉलस्पेससाठी, कमीत कमी १५ सेंटिमीटर म्हटलं आहे. प्रत्यक्षात ३० सेंटिमीटर ठेवा, कारण रांगत काम करताना शीट सरकते आणि १५ चे १० कधी झाले ते कळत नाही. तळाला उतार असेल तर वरच्या अंगाचा पट्टा खालच्या पट्ट्यावर यायला हवा, कौलं रचतात तसा. मग कधी वरून पाणी सांडलंच तर ते सांध्यात न शिरता घरंगळून पुढे जातं.

चिकटवण्याआधीचा वेळ खरा महत्त्वाचा. सांध्याच्या दोन्ही बाजू आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. बोट फिरवून बघा. बोटाला धूळ लागली तर पट्टीलाही लागणार. पट्टी लावल्यावर हाताने थोपटून भागत नाही, लहान रबरी रूळ दाबून फिरवा. पट्टीखाली हवेची सुरकुती राहिली तर ती रुळाने कडेपर्यंत ढकलत न्या. तरीही उरली तर तिथे छेद देऊन वरून दुसरा तुकडा लावा.

भिंतीपाशी वेगळा त्रास असतो. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीवर पांढरा खार फुटलेला असतो. त्यावर लावलेली पट्टी भिंतीला चिकटत नाही, खाराला चिकटते आणि खारासकट गळून पडते. तारेच्या ब्रशने खार आणि सुटी माती काढा, भिंत कोरडी होऊ द्या, पॉलियुरेथेन सीलंटची जाड रेघ ओढा, तिच्यावर शीट दाबा आणि वरून प्लास्टिकची किंवा धातूची सपाट पट्टी स्क्रूने आवळा. निव्वळ चिकटवण्यावर भिंतीचा सांधा सोडू नका. शीट भिंतीवर निदान १५ सेंटिमीटर चढवा, पण लाकडी तुळईपर्यंत नेऊन चिकटवू नका. मध्ये सात-आठ सेंटिमीटर भिंत उघडी ठेवा. वाळवी मातीच्या बोगद्यातून भिंतीवर चढते आणि तो बोगदा दिसण्याची जागा हीच आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. भिंत आणि जमीन मिळते त्या कोनात शीट ताणून बसवू नका, थोडी सैल सोडा. ताणलेल्या शीटवर कोणी गुडघा टेकला की ओढ थेट भिंतीच्या सांध्यावर येते.

खांबांपाशी शीट घाईत कापली जाते आणि भोवती तळहाताएवढी माती उघडी राहते. नीट करायचं तर शीटला कडेपासून खांबापर्यंत एक सरळ छेद द्या, खांबाच्या आकारापेक्षा थोडं लहान भोक कापा आणि कोपऱ्यांत तिरके छेद द्या म्हणजे पाकळ्या वर वळतील. पाकळ्या खांबाला टेकवा. मग वेगळा लांबट तुकडा घेऊन तो कमरपट्ट्यासारखा खांबाभोवती गुंडाळा: निम्मा खांबावर, निम्मा जमिनीवरच्या शीटवर. वरची कड सीलंटने, खालची पट्टीने आणि तो सरळ छेदही पट्टीने बंद करा. खांब लाकडी असेल आणि थेट मातीत उभा असेल तर आधी त्याचा बुंधा टोकदार हत्याराने टोचून बघा. हत्यार सहज आत गेलं तर खांब बदलायला झालाय आणि त्याला शीट गुंडाळून तो वाचणार नाही.

शीट फाटत असेल

१५० मायक्रॉन, म्हणजे ६ मिल, ही किमान जाडी धरतात. जिथे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही तिथे ती पुरते. पण घराखाली पाइप, वायरी, डक्ट असतात आणि दुरुस्तीला माणसं येतात. गुडघे, हत्यारं, खडे यांपुढे १५० मायक्रॉनची साधी शीट टिकत नाही. २५० मायक्रॉन किंवा त्याहून जाड, आत दोऱ्यांची जाळी असलेली शीट घ्या. शीटची बाष्पपारगम्यता, म्हणजे तिच्यातून किती वाफ आरपार जाते ते, ०.१ पर्म (हे त्याचं माप) किंवा कमी असावी. वेष्टनावर हा आकडा छापलेलाच नसेल तर दुसरी बघा. ताडपत्री या कामाची नाही, कारण तिच्या कड्या आणि शिवणी म्हणजे तयार भोकंच.

अंथरण्याआधी तळ हाताने चाचपून साफ करा. विटांचे तुकडे, खिळे, काचा, जुन्या लाकडाच्या ढलप्या सगळं बाहेर काढा. लाकूड आणि पुठ्ठा तर शीटखाली अजिबात राहता कामा नये. ते वाळवीचं खाद्य आहे. तळ खडकाळ असेल तर खाली जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे जमिनीत घालायच्या कृत्रिम धाग्यांचं, जाड कापड टाका.

शीट वाऱ्याने फुगत असेल

कुठेतरी कड उघडी आहे आणि झरोक्यातून आलेला वारा खाली शिरतोय. वर विटा ठेवून शीट दाबण्यापेक्षा ती कड शोधा. अगरबत्ती किंवा पातळ कागदाची पट्टी सांध्याजवळ धरली की हवा कुठून जाते ते दिसतं. जमिनीत रोवायच्या खुंट्या वापरल्याच असतील तर प्रत्येकीच्या डोक्यावर पट्टी लावा.

जमिनीतून रेडॉन येणाऱ्या भागात याकडे जास्त लक्ष द्या. रेडॉन हा किरणोत्सारी वायू, त्याला रंग नाही, वास नाही आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी १०० बेकरेल प्रति घनमीटर ही संदर्भ पातळी सुचवली आहे. मोजणीत आकडा जास्त आला तर शीटखाली भोकांचा पाइप टाकून पंख्याने तिथली हवा छपरावर सोडतात. ही व्यवस्था चालते ती सांधे बंद असतील तरच.

शीट शाबूत, माती झाकलेली, तरी लाकूड ओलं

मग हवा बघा. झरोके उघडे ठेवले की खालची जागा वाळते, हा समज जुना आहे आणि कोरड्या हवामानात खराही आहे. दमट उन्हाळ्यात मात्र उलटं होतं. बाहेर ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, जवळपास २६ अंश असतो. घराखालची माती, शीट, थंड पाण्याचे पाइप २२ अंशांवर असले की बाहेरची हवा त्यांना लागताक्षणी पाणी सोडते. जितके झरोके जास्त, तितकं पाणी जास्त. म्हणून आत आणि बाहेर एकेक आर्द्रतामापक ठेवा आणि टक्के न बघता दोन्हीकडचा दवबिंदू बघा. बाहेरचा जास्त असेल त्या दिवसांत झरोके उघडे ठेवून काही साधत नाही.

वर सांगितलेल्या संहितेत उघड्या मातीसाठी तळाच्या क्षेत्रफळाच्या १५० व्या भागाइतके झरोके लागतात, पण माती योग्य शीटने झाकली की १५०० वा भागही चालतो. म्हणजे शीट नीट असेल तर झरोक्यांची गरज फार कमी होते.

इथे अर्धवट काम सर्वांत वाईट. झरोके बुजवले पण शीटचे सांधे सुटे ठेवले, किंवा सांधे बंद केले पण आतली हवा कोरडी करायची सोय केली नाही, तर ओल आत कोंडते. बंद करायचं ठरवलं तर सगळं करा: शीट सीलबंद, झरोके हवाबंद, प्रवेशाच्या दाराला रबर आणि आत डीह्युमिडिफायर ५० ते ५५ टक्क्यांवर. त्याचं पाणी नळीने बाहेर गेलं पाहिजे. बादली भरली की यंत्र थांबतं आणि रांगत जाऊन ती रोज कोणी रिकामी करत नाही. आत गॅसवर किंवा तेलावर चालणारा हीटर असेल तर झरोके बंद करण्याआधी जाणकाराला दाखवा. त्याला जळायला हवा लागते, ती कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि घराखालची हवा फटींतून वरच्या खोल्यांत जातेच.

कपडे वाळवण्याच्या यंत्राचा पाइप किंवा एसीच्या पाण्याची नळी घराखालीच सोडलेली नाही ना, तेही बघा. आणि वाशांच्या खालच्या अंगाला कोणी प्लास्टिक ठोकलं असेल तर ते काढा. त्याने वासे आणि प्लास्टिक यांच्यामध्ये ओलावा अडकतो आणि लाकूड नजरेआड कुजतं. प्लास्टिकची जागा मातीवर आहे.

आत उतरण्याआधी

एकटे जाऊ नका, दाराशी कोणी तरी बसलेलं असू द्या. ओल्या जागेत लोंबत्या वायरी असतील तर मुख्य स्विच बंद करून बॅटरीचा दिवा न्या. एन-९५ मास्क, हातमोजे, गुडघ्यांना पॅड हवेत. साप-विंचवाची शक्यता असेल तिथे आधी काठीने कोपरे तपासा. सांडपाण्याचा वास येत असेल तर पाइप दुरुस्त होऊन माती साफ होईपर्यंत शीट टाकू नका.

वाशांवरची बुरशी साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासून काढा. लाकूड सच्छिद्र असल्यामुळे ब्लीच वरवरचा रंग घालवतं आणि त्यातलं पाणी आत मुरतं.

शेवटी, वाळण्याला वेळ द्या. जाड वासे आठवड्यांत नाही, महिन्यांत वाळतात. डीह्युमिडिफायर एकदम ३० टक्क्यांवर नेऊन घाई केली तर वरच्या फळ्यांमध्ये फटी पडतात. खडूच्या खुणांपाशी महिन्यातून एकदा आकडा घ्या आणि खाली लिहीत जा. आकडा उतरत असेल तर काहीही बदलू नका. एखाद्याच जागी तो अडून बसला तर त्या जागेच्या वर आणि बाहेर पुन्हा शोध घ्या. वाशांमध्ये इन्सुलेशन भरायचं असेल तर सगळे आकडे १५-१६ च्या खाली येऊन एक दमट ऋतू तसेच टिकले, की मगच भरा. एकदा ते भरलं की वासे दिसत नाहीत आणि टाचण्या रोवायला जागाही राहत नाही.